दिपेशची बेल

माझ्या बोलण्यावर गावाचा विश्वास नाही, आणि त्या अविश्वासाच्या जोरावर मी आजवर अत्यंत सुखाने जगलो. मांडव्याच्या धक्क्यावर वाऱ्यात उघडलेली माझी छत्री समुद्रावरून उडत जाऊन गेटवेला उतरली आणि तिथल्या एका सज्जन गृहस्थाने ती मिटून परतीच्या लाँचने पाठवून दिली, ही हकीगत मी आमच्या पडवीवर इतक्यांदा सांगितली आहे की छत्रीला तिकीट पडलं की नाही, यावर गावात दोन तट आहेत. छत्री खरोखर गेली का, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही. हीच तर या धंद्यातली प्रतिष्ठा. जो खरं वाटावं म्हणून खोटं सांगतो तो लबाड. मी थापाड्या. आमच्यात आणि लबाडांत रोटीव्यवहारसुद्धा होत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की, मी ज्या एका वाक्यापायी आज तोंड लपवून बसलो आहे, ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. थापेने मला कधी दगा दिला नाही. खऱ्याने दिला.

झालं ते सगळं पांढऱ्या डबीपासून. आमची मृणाल बंगळूरला असते. उन्हाळ्यात आली तेव्हा तिने घरभर कसल्याशा चकत्या चिकटवल्या. एक पुढच्या दाराला, एक पडवीतल्या दिव्याच्या बटणाला, एक विहिरीवरच्या पंपाला, आणि एक फ्रिजच्या मागे, स्वयंपाकघरात किती उकडतंय ते सांगायला.

"आई, तू कुठे पडलीबिडलीस तर मला तिथे कळेल," मृणाल म्हणाली.

"पडले तर मी ओरडेन ना," कमळ म्हणाली. "आणि स्वयंपाकघरात उकडतंय हे तुझ्या बाबांना कळू दे आधी. तुला कळून काय उपयोग?"

या चकत्या आपापला निरोप हवेतून पांढऱ्या डबीला द्यायच्या. डबी तो इंटरनेटवरून परदेशात कुठेतरी पाठवायची, आणि तिथून परवानगी आली की पडवीतला दिवा लागायचा. बटणापासून दिवा चार हातांवर. निरोप मात्र सातासमुद्रापार जाऊन यायचा. हरकत नाही, आपण म्हटलं, निरोपाचीही जरा सहल होते. पण आमच्याकडे इंटरनेटची तार माडांच्या खालून येते आणि माडाला झावळी टाकायची सवय आहे. एकदा पंप चालू असताना झावळी तारेवर पडली. पंप बंद करायचा हुकूम परदेशातून येईना. मी फोनवर बोट दाबतोय, फोन गोल गोल फिरतोय, आणि शेजारच्या काळूरामने अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या वाडीच्या दिशेने पोहत निघाल्या.

काळूराम म्हणजे अलिबागच्या कोर्टातून निवृत्त झालेला बेलीफ. आयुष्यभर लोकांच्या दाराला समन्स चिकटवून त्याचा स्वभाव चिकट झाला आहे. कुंपणापलीकडूनच तो म्हणाला, "मास्तर, ही तोंडी नोटीस समजा. पुढल्या खेपेला लेखी देईन."

आणि त्यानंतर कंपनीचं पत्र आलं, अर्थातच कॉम्प्युटरवर. त्यात मोठ्या गोड शब्दांत लिहिलं होतं की आपली डबी आता जुनी झाली, तिची सेवा थांबवत आहोत, नवी घ्यावी. धडधाकट डबी होती हो. दिवा लुकलुकत होता. मला माझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशीची मुख्याध्यापकांची भाषणं आठवली आणि त्या डबीबद्दल एकाएकी आपुलकी वाटू लागली.

तेव्हाच मनात आलं: डबी बहिरी झाली असेल, पण चकत्या तर बोलतायत? माझ्याच घरात, माझ्याच हवेत बोलतायत. मग माझाच कॉम्प्युटर त्यांचं थेट का ऐकत नाही? मधले हे परदेशी दलाल हवेत कशाला?

अलिबागला धनेशचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याच्यापुढे हा विचार मांडला, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, नवी डबी घेऊन टाका ना. कशाला मगजमारी करता?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

"तत्त्वाला वॉरंटी नसते," धनेश म्हणाला.

मी मागे हटलो नाही. एका दाढीवाल्या तरुणाचे व्हिडिओ पाहून पाहून मी आवश्यक ती वस्तू मागवली. वस्तू म्हणजे अंगठ्याएवढी काडी. एक टोक कॉम्प्युटरच्या भोकात, दुसऱ्या टोकाला उंदराच्या शेपटीसारखं एरियल. ही काडी आसपासच्या हवेत जे जे बोललं जातं ते ऐकते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेक ओळ उमटवते. काडीला यायला फार वेळ लागला, कारण कुरियरवाल्याच्या नकाशात आमचं घर खाडीत दाखवत होतं आणि तो ओहोटीची वाट बघत होता. ही थाप नाही. तो तसं फोनवर म्हणाला.

पाकिटावर 'रेडिओ रिसीव्हर' असं छापलेलं काळूरामने वाचलं आणि त्याच्यातला बेलीफ जागा झाला. "सागरी किनारा हाय मास्तर. उद्या काय झालं तर पहिलं तुमचं दार वाजंल. चौकीवर कळवून मोकळं व्हा."

मी गेलो. हवालदार सभ्य होते. खुर्ची दिली.

"वायरलेस?" ते म्हणाले. "कुणाशी बोलणार?"

"बोलणार नाही. फक्त ऐकणार."

हे मी त्यांना धीर यावा म्हणून बोललो, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय ऐकणार?"

"फ्रिज."

त्यांनी वहीही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" माझा अर्ज त्यांनी घेतला नाही. चहा मात्र पाजला आणि रिक्षात बसवून दिलं.

घरी काडी लावली. चिऱ्याच्या भिंती जाड, त्यामुळे काडीला फ्रिजसुद्धा धड ऐकू येईना. मग एरियल उंच नेलं पाहिजे असं ठरलं आणि आळीतल्या सगळ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. शेवटी आंबे काढायच्या आकडीच्या टोकाला ते बांधलं आणि आकडी कौलांवर उभी केली. वर चढला तो सदू.

सदू म्हणजे माझा पहिलीपासूनचा सोबती. त्याची सुपारीची वाडी आमच्या मागच्या बाजूला. मी आयुष्यभर थापा मारल्या आणि सदूने आयुष्यभर त्यांना "व्हय व्हय" म्हटलं. बोलणारे पुष्कळ भेटतात. व्हय म्हणणारा मिळायला भाग्य लागतं. धोतराचा काचा मारून तो कौलांवर गेला, सुंभाने आकडी पक्की बांधली, आणि वरून ओरडला, "मास्तर, ऐकू येतंय का?"

"येतंय," मी खालून म्हणालो. "अंगठा कौलात अडकवून घेऊ नकोस."

"माझं न्हाय रं. फ्रिजचं."

फ्रिजचं तर आलंच, पण त्याच्याबरोबर अख्ख्या आळीचं आलं. पडद्यावर ओळींमागून ओळी. मृणालच्या चकत्या त्यात कुठच्या कुठे हरवल्या. मांडव्याच्या बाजूला मुंबईवाल्यांचे बंगले आहेत. त्यांच्या फाटकांचे रिमोट आले. हल्ली गाडीच्या चाकातली हवासुद्धा बोलते, हे मला तोवर माहीत नव्हतं. रस्त्याने गाडी गेली की चारही चाकं आपापली हवा सांगून जायची. एका शनिवारी मी रस्त्यावर उभा राहून एका गृहस्थांना हात केला आणि म्हणालो, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे." त्यांनी उतरून बघितलं. होती कमी. त्यांनी आभार मानायच्या ऐवजी विचारलं की खिळा कधी टाकलात.

या गर्दीत एक आकडा अधूनमधून यायचा. कधी रविवारी सकाळी, मग कितीतरी दिवस नाही. एकदा तो आकडा उमटला आणि थोड्या वेळाने सदू घाम पुसत पडवीवर आला. "दिपेश आला," म्हणाला, "बेल वाजवली त्यानं." तेव्हा उलगडा झाला.

दिपेश हा सदूचा मुलगा. नवी मुंबईत गोदामात सुपरवायझर. त्यानेच बापाच्या दाराला बिनतारी बेल बसवून दिली होती. बटण पुढच्या चौकटीवर, आवाज आत चुलीपाशी. आता आमच्या गावात कोणी बेल वाजवतं का? आम्ही परसदाराने जातो आणि विहिरीपासूनच हाका मारत येतो. सदूच्या पुढच्या दाराची बेल वाजवणारा माणूस जगात एकच. म्हणून तिचं नावच पडलं होतं, दिपेशची बेल. दुसऱ्या कोणी बोट लावू नये म्हणून सदूने तिला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. बेल वाजली की तो खुंटीवरचा सदरा घालायचा, बटणं लावायचा, मग दार उघडायचा. मनुबाई, म्हणजे सदूची बायको, म्हणायची, "पोरगा हाय आपला, कलेक्टर न्हाय." पण सदरा चढायचाच.

मी पडद्यावरच्या त्या आकड्यापुढे 'दिपेशची बेल' असं लिहून ठेवलं. इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. तुमच्या घरी बेल वाजते. आमच्या शाळेत बेल व्हायची. "बेल झाली, चला वर्गात." "बेल झाली का रे?" सारी हयात मी हेच बोललो. त्यामुळे माझ्या तोंडी कुठलीही बेल वाजत नाही, होते. आणि अलिबागच्या कोर्टाच्या आवारात ज्याची हयात गेली त्याला जगात एकच बेल माहीत, जामिनाची. तीही होते, किंवा होत नाही. शंकराला वाहायचा बेल तेवढा पुल्लिंगी, म्हणून तो या प्रकरणातून सुटला.

दिवाळी होऊन गेली होती. दिपेशचं लग्न तळा गावच्या पूनमशी ठरत आलं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, सुपारी फुटायची राहिली होती. त्यासाठी तळ्याची मंडळी यायची होती, आणि सुपारी आपल्या वाडीतली असणार म्हणून सदू झाडाखाली उभा राहून एकेक फळ निरखत होता. मी पडवीवर कॉम्प्युटर मांडून बसलो होतो. काळूराम पायरीवर बसला होता. आवडाबाई कोळीण पाटी उतरवून कमळशी बोंबलांचा भाव करत होती. आवडाबाई सकाळी मासे घेऊन निघते आणि संध्याकाळी बातम्या विकून परत येते.

"दिपेश काय दिसला न्हाय?" आवडाबाईने विचारलं. "लगीन हाय ना त्याचं?"

मी पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "दिपेशची बेल काय झाली नाही या महिन्यात."

काळूराम हळूच वळला. "झाली न्हाय? तुम्हांला कसं ठाव?"

"रोज बघतो ना मी. कॉम्प्युटरवर येतं सगळं."

"हां, हल्ली सगळं कॉम्प्युटरवर येतंच," काळूराम म्हणाला. "पण पयली कधी झालेली का?"

"झाली की. गणपतीत झाली होती. त्याच्या आधीही दोन-तीनदा झाली असेल."

"दोन-तीनदा?"

"दिपेश आहे म्हटल्यावर होणारच."

काळूरामने आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाईने हातातला बोंबील खाली ठेवला. "आणि सदूदादाला?" तिने विचारलं.

"त्याचा तर जीव टांगलाय त्या बेलवर. म्हणतो, या रविवारी होईल."

"रविवारी बंद असतंय," काळूराम म्हणाला.

"अहो, झाली तर रविवारीच होते."

"हां," काळूराम स्वतःशीच म्हणाला, "सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटपुढं." हे शब्द माझ्या कानावर पडले, नाही असं नाही. पण त्याच क्षणी फ्रिजने तापमान पाठवलं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. एवढ्याशा फ्रिजसाठी मी माणसाकडे लक्ष दिलं नाही.

आवडाबाईने त्या दिवशी कमळने सांगितलेल्या भावात बोंबील दिले आणि पाटी उचलून निघून गेली. कमळ म्हणाली, "हिला आज काय झालं?" आम्हांला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. फक्त एक गोष्ट ओळखली नसेल, ती मलाही नंतर कळली. आवडाबाईला वाटेत लोकांनी विचारलं, "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "मास्तर." एरवी इथे बातमी मेली असती. पण ती पुढे म्हणाली, "आन् मास्तर कोरडंच बोलले. छत्री न्हाय, लाँच न्हाय. मान खाली घालून दोन शबुद बोलले." तेव्हा लोक म्हणाले, मग खरं असणार. मास्तर रंगवत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

असा मी जन्मात पहिल्यांदा विश्वासास पात्र ठरलो.

दुसऱ्या दिवसापासून सदूच्या परसदारी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "चालायचंच." सदूला वाटलं, लग्नघर आहे, लोक येतात. कोणी म्हणालं, वकील चांगला द्या. सदू म्हणाला, भटजी ठरलाय, वकील कशाला? लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बापाला अजून सांगितलेलं नाही, असं ठरवून सगळे आणखी हळू बोलू लागले. मनुबाईला मात्र शंका आली, कारण दोघींनी तिच्यासाठी पिठलं-भात आणला होता.

मग तळ्याहून पूनमच्या मामांचा फोन आला. सुपारी पुढे ढकलू म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, "ते तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त माहीत."

सदू माझ्या पडवीत आला तेव्हा त्याच्या अंगात सदरा होता, सगळी बटणं लावलेली. तो बसला नाही.

"तू काय बोललास रं दिपेशचं?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. काडी, शेपटी, आकडी, आकडा. त्याच्या बेलचं बटण दाबलं की इथे ओळ उमटते, तीच मी बघत होतो, एवढंच. सदूने सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो व्हय म्हणाला नाही.

"ती आकडी मीच बांधली वर," तो म्हणाला. "फ्रिजसाठी बांधली. माझ्या दारात कोण येतं आन् कोण न्हाय, ते बघायला न्हाय बांधली." आणि परसदाराने न जाता पुढच्या पायऱ्या उतरून रस्त्याने गेला, परक्या माणसासारखा.

मी त्याच आठवड्यात तळ्याला गेलो. साक्षीदार म्हणून काळूरामला नेलं. त्याला आपली चूक समजली होती, पण कबूल नव्हती. त्याचं म्हणणं, त्याने ऐकलं ते कायद्याने बरोबर ऐकलं. प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून मी कॉम्प्युटर आणि काडी घेतली होती आणि फ्रिजमागची चकती काढून शबनम पिशवीत टाकली होती.

पूनमच्या मामांच्या ओटीवर कॉम्प्युटर मांडला. मामा, पूनमचे वडील, आणखी चार-पाच मंडळी. पूनम आतल्या दाराशी उभी. मी हवेतल्या लहरींपासून सुरुवात केली. मामांनी शांतपणे ऐकलं. पडद्यावर ओळ उमटली: 'स्वयंपाकघर, ३१ अंश.'

"हे बघा," मी विजयाने म्हणालो, "स्वयंपाकघर बोललं."

"कुणाचं?" मामांनी विचारलं.

"आमचं."

"ते अलिबागकडे आहे ना? आणि इथे ऐकू आलं?"

"नाही नाही, तिथलं इथे कसं ऐकू येईल? स्वयंपाकघर माझ्या पिशवीत आहे."

काळूराम माझ्यापासून जरा सरकून बसला. मामा म्हणाले, "मास्तर, तुमच्या छत्रीची गोष्ट आमच्याकडेही आली आहे. फार हसलो होतो आम्ही. पण पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. पूनम आत निघून गेली. खोटं बोललो तेव्हा माझी छत्री तळ्यापर्यंत पोचली होती. खरं मात्र ओटीवरून माजघरापर्यंत जाईना.

शेवटी दिपेश स्वतःच सुट्टी काढून आला. बेल झाली. मी पडद्यावर पाहिली आणि देवाला हात जोडले. आता मुलगाच समोर उभा राहिल्यावर प्रश्न मिटला. तो तळ्याला गेला, मामांच्या ओटीवर बसला, म्हणाला, "हा बघा मी. कुठे आत आहे?"

मामा म्हणाले, "मग बेल झाली म्हणायची."

मामांचा हिशोब सरळ होता. आत असला तर आत आहे, आणि बाहेर आहे म्हणजे बेलवर आहे. काळूरामने तोड सुचवली: पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा, म्हणजे कागदच बोलेल. दिपेश दाखल्यासाठी चौकीवर गेला. तिथे ठसे घेतात. शाईने काळी झालेली बोटं घेऊन तो बाहेर पडला, आणि समोरून पाटी घेऊन आवडाबाई येत होती.

दाखला पुढे आला. स्वच्छ, कोरा, शिक्क्यानिशी. पण तोवर पूनमचं महाडकडे ठरलं होतं. दिपेशने बापाला एवढंच सांगितलं की काही दिवस इकडे यायला नको, लोक बोटांकडे बघतात.

आमची पडवी ओस पडली. काळूराम आता कुंपणापलीकडून नमस्कार करतो. मी एकदा नेटाने खाडीत सापडलेल्या, पाढे म्हणणाऱ्या चिंबोरीची नवीन गोष्ट सांगायला घेतली, तर ऐकणारे गंभीर झाले आणि एकाने विचारलं, "मग कितीपर्यंत म्हणते?" त्यांनी खरं मानलं हो. हसायचं कोणाच्या मनातही आलं नाही. थापाड्याचं यापेक्षा वाईट मरण काय असतं?

कमळ म्हणाली, "ती काडी काढून फेका." मी काढली नाही. दिवे, पंप, फ्रिज यांत माझं लक्ष उरलं नव्हतं. मी त्या एकाच ओळीची वाट बघत होतो. रविवार यायचा, बंगल्यांची फाटकं उघडायची, चाकं आपली हवा सांगत जायची, आणि दिपेशची बेल काही होत नसे. तिकडे चुलीपाशी सदू तिच्याकडे कान लावून बसला असणार आणि इकडे मी. पहिलीच्या वर्गात एका बाकावर बसायचो, तसे आम्ही एकाच बेलची वाट बघत होतो, फक्त मध्ये वाडी होती.

एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, जाऊन माफी मागावी. परसदाराने जायचं तोंड नव्हतं. हाक मारायची तर कुठल्या नात्याने? पाहुण्यासारखं पुढच्या दाराने जावं, रीतसर, असा विचार केला. चौकटीवरची प्लास्टिकची पिशवी बाजूला केली आणि बटण दाबलं.

आत चुलीपाशी ती कुठल्याशा पाखरासारखी किलबिलली. काहीतरी भांडं पडलं. मनुबाईचा आवाज आला, "अवो, सदरा. सदरा घ्या." मग घाईघाईची पावलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

दार उघडलं. सदूने सदरा घातला होता आणि वरच्या दोन बटणांची भोकं चुकली होती. तोंड सगळं हसत होतं. ते हसू माझ्यावर येऊन पडलं आणि तिथेच थांबलं. मागे मनुबाई हात पुसत उभी होती. ती आत गेली.

"सदू," मी म्हणालो. ज्याने छत्री समुद्रापार पोचवली त्याच्याकडे एक शब्द नव्हता.

सदूने सदऱ्याची बटणं काढली, पुन्हा नीट लावली. सावकाश. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी बेल न्हाय झाली, मास्तर."

"हो," मी म्हणालो.

"अर्ज नामंजूर." त्याने पिशवी बटणावर पुन्हा नीट ओढून बसवली, कोपरे दाबले. "पुढल्या रविवारची तारीख घे." आणि दार लावून घेतलं.

घरी आलो तेव्हा पडद्यावर ओळ उमटलेली होती: 'दिपेशची बेल.' बोट कोणाचं, ते काडीला काय कळणार? मी ती ओळ पुसली आणि काडी उपटून मृणालच्या चकत्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात घातली. दिवा आता हाताने लावतो. पंपही.

तारखेला मात्र मी दर रविवारी हजर असतो. परसदाराने जातो, विहिरीपासूनच हाक मारतो. सदू वाडीत असतो, मान वर करत नाही, पण जा असंही म्हणत नाही. मी सुपाऱ्या वेचू लागतो. गेल्या खेपेला मी छत्रीची गोष्ट काढली होती, अगदी हळू आवाजात, झाडांना सांगावी तशी. गेटवेपर्यंत आणली आणि थांबलो. सदूने "व्हय" म्हटलं नाही. पण झाडू मारायचा थांबला होता.

पुढच्या दाराकडे मी वळत नाही. ती बेल दिपेशची आहे. ती अजून झालेली नाही.